अलिबागहून आलोय, बरं का!

‘अलिबागसे आया है क्या?’ हा प्रश्न ज्याला आयुष्यात एकदाही कुणी विचारलेला नाही असा अलिबागकर दाखवा आणि माझ्या वाडीतली नारळाची एक अख्खी पेंड घेऊन जा. मी तसा अलिबागचा नव्हे, रेवदंड्याचा. पण रेवदंडा म्हटलं की मुंबईचा माणूस ‘हे कुठं आलं?’ असं विचारतो आणि अलिबाग म्हटलं की वरचा प्रश्न विचारतो. अपमान दोन्हींत सारखाच. दुसऱ्यात निदान पत्ता तरी पोचतो.

२०१९ साली आमच्याकडच्या एका गृहस्थांनी या वाक्यावर बंदी घाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने ती फेटाळली. असले विनोद सगळ्याच समाजांवर होत असतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण मथितार्थ. मी ती बातमी वाचून न्यायालयाशी पूर्ण सहमत झालो होतो. चार लोकांची थट्टा करून ज्याचे लेख छापून येतात त्याला दुसरं मत परवडतच नाही.

पण गेल्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी उभा होतो, बरोबर माझा पुतण्या मन्या होता, आणि मी काउंटरवरच्या तरुणाला अत्यंत नम्रपणे विचारलं, “हेच काम करणारं फुकटातलं काही नसतं का हो?” त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं, आणि ते वाक्य उच्चारलं. दुकानातली चार माणसं हसली. ती हसली त्याचं काही नाही. मन्याही हसला. बोर्लीच्या खाडीत पोहायला ज्याला मी शिकवलं तो माझा सख्खा पुतण्या परक्यांच्या बाजूने हसला! त्या हसण्याला हा माझा जाहीर जबाब आहे.

आधी प्रकरण सांगतो. मन्या कॉलेजात जातो, म्हणजे कॉलेजात नाव आहे. उरलेला वेळ तो माइनक्राफ्ट नावाचा एक खेळ खेळतो. या खेळात शत्रूला गोळ्या घालणं फारसं नसतं. चौकोनी ठोकळे एकावर एक रचायचे. आमच्या लहानपणी दिवाळीत आम्ही मातीचे किल्ले करत होतो, तसाच हा प्रकार, फक्त हात स्वच्छ राहतात. तर या पठ्ठ्याने आमचा कुलाबा किल्ला रचायला घेतला. अलिबागच्या समुद्रातला, ओहोटीला चालत जायचा आणि भरतीला होडीतून यायचा, तो. आणि रचताना सगळा खेळ तो रेकॉर्ड करत होता. ‘यू-ट्यूबवर टाकणार’ म्हणाला. लोक घर बांधताना बघायला जात नाहीत, हा खोटं घर बांधतानाचा सिनेमा लोकांना दाखवणार होता. पण तरुणांच्या उत्साहाला विरोध करायचा नाही, असं मी साठी उलटल्यापासून ठरवलं आहे. त्यात श्रम वाचतात.

या बांधकामावर देखरेखीला माझी आई होती. वय शहाऐंशी. मन्याच्या शेजारी खुर्ची टाकून ती बसायची आणि सूचना द्यायची. तिचं माहेर अलिबागचं. लग्नाआधी ती मैत्रिणींबरोबर ओहोटी गाठून किल्ल्यातल्या गणपतीला जायची. त्यामुळे मन्याने कुठं तलाव चुकवला, कुठं देऊळ सरकवलं, की ती लगेच हटकायची. मन्याच्या कानाला माइक लावलेला असायचा. तो बोलायचा, ती मागून बोलायची, आणि सगळं आत भरलं जायचं. अशी नऊ रेकॉर्डिंगं झाली. मग माघात आई गेली. किल्ल्याचं काम तिथंच थांबलं.

आता थोडं गणित. हे गणित मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. पडद्यावरच्या एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार आणि वर काही. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला तीन बाइट. एका सेकंदात अशी साठ चित्रं. गुणाकार करा : सेकंदाला ३७ कोटी बाइट होतात. तासाचा हिशेब तेराशे चाळीस जीबीच्या आसपास जातो. मन्याच्या लॅपटॉपची सगळी कोठी ५१२ जीबीची. म्हणजे किल्ल्याची एक भिंत रचून होईपर्यंत कोठी भरून ओसंडणार.

म्हणून रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम ते चित्र तिथल्या तिथंच आवळतो. कसं? आमचे आजोबा मुंबईहून पत्र लिहायचे तसं. पहिल्या पत्रात सगळं सविस्तर. दुसऱ्या पत्रात : ‘गोठ्याचे काम झाले. बाकी सर्व पूर्ववत.’ या ‘बाकी सर्व पूर्ववत’मध्ये सगळी विद्या आली. एक चित्र पुरं लिहायचं, पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं ते लिहायचं. आणि शेजारशेजारचे पन्नास ठिपके एकाच निळ्या रंगाचे असले, तर पन्नासदा निळा लिहायचा नाही. अशा रीतीने मन्याची तासाची फाइल साडेबावीस जीबीची व्हायची. म्हणजे ती हातात येते तीच मुळात साठपट आवळून! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं दुकानदाराला उत्तर देताना लागेल.

नऊ फायली म्हणजे दोनशे जीबी झाले. लॅपटॉपने ‘जागा नाही’ म्हणून पाटी लावली, आणि आम्ही दुकानात गेलो. तिथं त्या तरुणाने आम्हांला एक सॉफ्टवेअर विकलं. नव्वद टक्के आकार कमी, दर्जा जसाच्या तसा, आत एआय, आणि सवलतीचा आज शेवटचा दिवस. महिन्याला अकराशेच्या घरात भाडं. आमच्या वाडीच्या भावाने हे चाळीस-पन्नास नारळ होतात. नारळ पाडायला माणूस मिळत नाही, मिळाला तर तो झाडाखालून आधी मजुरीचा आकडा सांगतो. ते पन्नास नारळ दर महिन्याला डॉलरचं रूप घेऊन सातासमुद्रापार जायला लागले. एका महिन्याचेच घेतले होते, पण कराराच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात ‘आपोआप नूतनीकरण’ होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी कळवावं लागतं. त्यांनी कळवलंही. ते माझ्या भावाच्या फोनवर कळवलं. तो त्या वेळी सुपाऱ्या मोजत होता.

पैशाचं मी समजू शकतो. माझं भांडण पुढं आहे.

या दुकानदारांचा पहिला दावा : नव्वद टक्के कमी, दर्जा तोच. आमच्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरसुद्धा हे मानणार नाही, कारण त्याने बोंबील वाळताना पाहिलेले असतात. ओल्या बोंबलात पाणीच फार. काठीवर टाकला, चार उन्हं दाखवली की पाणी जातं, बोंबील राहतो. पण पाणी गेल्यावरही तुम्ही त्याला आणखी वाळवायला लागलात, तर मग बोंबीलच जातो, काठी राहते. मन्याची फाइल साठपट वाळून आलेली. तिच्यातलं आणखी थोडं पाणी काढता येतं, नाही असं नाही. सावकाश, वेळ देऊन बसलं तर तिसरा-चौथा हिस्सा उरेपर्यंत आणता येते. पण साडेबावीस जीबीची सातशे एमबी करून ‘चव तीच’ म्हणणारा माणूस एकतर बोंबील खात नाही किंवा खोटं बोलतो.

त्यातून खेळाचं चित्र म्हणजे सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक. बातम्या देणारी बाई हलते ती फक्त ओठांनी. बाकी सर्व पूर्ववत. खेळात कॅमेरा गर्रकन फिरतो, गवताचं पातं न् पातं, झाडाचं पान न् पान जागा बदलतं, पूर्ववत काहीच राहत नाही. वर कोपऱ्यात बारीक अक्षरं आणि आकडे. रंगाची माहिती आवळताना आधीच निम्म्याहून कमी ठेवलेली असते, म्हणून लाल अक्षरं सगळ्यांत आधी फिसकटतात. आमचा कुलाबा किल्ला त्या सॉफ्टवेअरमधून बाहेर आला तेव्हा आषाढातल्या धुक्यात दिसावा तसा दिसत होता. पहिल्या दोन फायली खरेदीआधी फुकट चाचणीत केल्या होत्या, त्यांच्यावर तर कंपनीचं बोधचिन्हही उमटलं होतं, ऐन तटावर! १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून आरमार घेऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. कान्होजी आंग्र्यांनी त्यांना तटावर निशाण लावू दिलं नाही. ते या कंपनीने दहा मिनिटांत लावलं, आणि ते काढायचे वर पैसे मागितले.

दुसरा प्रकार त्या संकेतस्थळांचा : ‘काही उतरवून घेऊ नका, फाइल आमच्याकडे पाठवा, आम्ही लहान करून देतो.’ किती सोयीचं! फाइल मोठी आहे म्हणून पाठवता येत नाही, म्हणून ती लहान करायची, आणि लहान करण्यासाठी आधी मोठीच पाठवायची. जाड माणसांच्या इस्पितळाला अरुंद दार लावण्यासारखं हे आहे. आमच्याकडे वर पाठवायचा वेग सेकंदाला पाच मेगाबिट धरला, तर साडेबावीस जीबी जायला अखंड दहा तास लागतात. रेवदंड्यात पावसाळ्यात दहा तास अखंड अशी एकच गोष्ट चालते, आणि ती पाऊस.

आता माझी बाजू. फुकट मिळणारी अवजारं आहेत, आणि ती हलकी नाहीत. एफएफएमपेग नावाचं एक इंजिन आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने ते २००० साली सुरू केलं. मग जगभरच्या लोकांनी ते वाढवलं, आणि आजही ते कुणालाही फुकट घेता येतं. गंमत म्हणजे पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या कित्येक सॉफ्टवेअरांच्या पोटात हेच इंजिन असतं. वर रंगीत बटणं लावतात, एआयचा टिळा लावतात आणि भाडं घेतात. म्हणजे सार्वजनिक विहिरीचंच पाणी तांब्याला चांदीची कड लावून विकायचं. यात गुन्हा नाही. कडही लागतेच एखाद्याला. पण विहिरीवर जाऊन पाणी मागणाऱ्याला ‘अलिबागहून आलास का’ म्हणून विचारू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

ज्यांना एफएफएमपेगची आज्ञावली बघून घेरी येते (मला आली), त्यांच्यासाठी हॅण्डब्रेक आहे. तेही फुकट. २००३ साली सुरू झालेल्या या प्रोग्रॅमची ‘१.०’ ही आवृत्ती २०१६च्या डिसेंबरात निघाली. तेरा वर्षं ‘अजून पुरं झालेलं नाही’ असं म्हणत ही माणसं काम करत होती! इकडे सवलतीचा आज शेवटचा दिवस म्हणणारे, तिकडे तेरा वर्षं एक आकडा पुढं न ढकलणारे. यांतल्या कुणावर विश्वास टाकावा हे सांगायला उच्च न्यायालयात जायला नको.

‘फुकट ते हलकं’ ही समजूत आमच्या मध्यमवर्गात कुणी भरवून दिली, मला कळत नाही. आपण आयुष्यभर वाचनालयाची पुस्तकं वाचली, सरकारी शाळेत शिकलो, सार्वजनिक गणपतीपुढं गाणी ऐकली, आणि मुलाच्या लॅपटॉपचा प्रश्न आला की म्हणतो, ‘पैसे टाकू, पण चांगलं घेऊ.’ चांगलं म्हणजे काय, हे मात्र विचारत नाही. बाकी मुंबईच्या हुशारीबद्दल बोलायचं तर एक आठवण द्यावीशी वाटते. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय सुया विजेच्या ट्राम सुरू झाल्यावर बिचकणार, म्हणून ते सगळं काम १९०४ साली उचलून अलिबागला आणावं लागलं. मुंबईत सुईसुद्धा ताळ्यावर राहीना, ती अलिबागला येऊन स्थिरावली. आणि कुलाबा-अलिबागच्या त्या नोंदी जगातल्या सर्वांत लांब अखंड नोंदींपैकी गणल्या जातात. कपाट भरलं म्हणून मूळ कागद कुणी रद्दीत घातले नाहीत. हे मी उगाच सांगत नाही. मन्याने घातले.

पितृपक्षात भाऊ म्हणाला, “मन्या, आजी ओरडते आहे ते एखादं लाव रे.” आम्ही सगळे लॅपटॉपभोवती बसलो. मन्याने पहिली आवळलेली फाइल लावली. धुक्यातला किल्ला दिसला. खेळातलं संथ संगीत वाजत होतं, ठोकळे ठेवल्याचे टक्‌टक्‌ आवाज येत होते. आई नव्हती. मन्याही नव्हता. दुसरी लावली, तिसरी लावली. नऊच्या नऊ फायलींत माणसाचा आवाज नाही. मन्या पांढराफटक पडला. मग आम्ही म्हणालो, मूळ फायली लाव. तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “काका, जागा करायची म्हणून डिलीट केल्या.” त्या जागेवर नंतर दुसरंच काय काय भरून झालं होतं.

त्यांतल्या दोन वाचल्या, त्या माझ्या शिस्तीमुळे नव्हे, गबाळेपणामुळे. कधीतरी मला दाखवायला म्हणून मन्याने त्या माझ्या जुन्या डिस्कवर घातल्या होत्या आणि मी त्या काढायच्या विसरलो होतो. धावत जाऊन ती डिस्क आणली, लावली, आणि त्यांतही आई नव्हती! नुसतं संगीत. त्या रात्री आमच्या घरी कुणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी आणि चष्मा घेऊन त्या विषयाच्या मागेच लागलो. निवृत्त माणसाला संशोधनाला वेळच वेळ असतो. आणि उलगडा झाला तो असा. मन्या ज्या ओबीएस नावाच्या प्रोग्रॅमने रेकॉर्ड करतो (तोही फुकट), त्यात आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या ठेवता येतात. मन्याने खेळाचा आवाज पहिल्या पट्टीवर आणि माइकचा दुसऱ्या पट्टीवर ठेवला होता, पुढं कमीजास्त करता यावा म्हणून. शहाणपणाच केला होता. पण साधे प्लेअर पहिलीच पट्टी वाजवतात. आणि आमच्या अकराशेवाल्या सॉफ्टवेअरने पहिली पट्टी ठेवून दुसरी काढून टाकली होती, न विचारता, न सांगता. आकार कमी करायचा होता ना? केला. घरातली माणसं काढली की आकार कमी होणारच.

व्हीएलसी नावाच्या फुकट प्लेअरमध्ये आवाजाची पट्टी बदलायची सोय आहे. मी ती बदलली. आणि खोलीत आई बोलायला लागली. भावजय स्वयंपाकघरातून हातातलं टाकून आली.

आता प्रामाणिकपणाचा भाग. वादात तो घालू नये असा संकेत आहे, पण घालतो. बडोद्याच्या बहिणीला पाठवायला म्हणून मी त्यातली एक फाइल हॅण्डब्रेकमधून लहान केली. लॅपटॉप रात्रभर पंख्याचा आवाज करत होता, सकाळी साडेबावीसची सहा जीबी झाली होती, किल्ला स्वच्छ दिसत होता. आणि आई पुन्हा नव्हती! आमचा पक्षच तोंडघशी पडला. मन्या म्हणाला, “काका, तुमचं फुकटचंही तसलंच.” मी त्या क्षणी दुकानदाराची माफी मागायच्या बेतात होतो. पण हॅण्डब्रेकच्या खिडकीत ‘ऑडिओ’ नावाचा एक कप्पा असतो. तो उघडला तर आत एकच पट्टी यादीत होती, आणि बाजूला ‘सगळ्या घाला’ असं बटण होतं. दाबलं. पुन्हा रात्रभर पंखा. सकाळी आई हजर.

तेव्हा माझा मुद्दा दुरुस्त करून मांडतो. फुकट अवजार चुकत नाही असं नाही. पण त्याचा कप्पा उघडता येतो. त्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये मी पट्ट्यांचा कप्पा दोन दिवस शोधला. तिथं एक मोठं हिरवं बटण होतं आणि ‘आता आराम करा’ असं लिहिलं होतं. अवजार निवडताना किंमत नंतर बघा. आधी हे बघा, की ते काय टाकून देणार आहे हे तुम्हांला विचारतं की नाही. जे विचारतं ते फुकट असलं तर नशीब, आणि विकत असलं तरी घ्या. ज्यांचं पोट या धंद्यावर चालतं, ज्यांना रोज दहा चित्रफिती कापून-जोडून द्यायच्या असतात, त्यांनी खुशाल पैसे मोजावेत. सुताराने रंधा विकत घ्यावा. पण वर्षातून नऊ फळ्या तासणाऱ्याला रंधा महिन्याच्या भाड्याने लावू नये. त्या वर्षाच्या भाड्यात बाहेरची एक बरी डिस्क येते, आणि डिस्कवर फाइल मूळ रूपात राहते.

मन्यासारखी पोरं आमच्या किनाऱ्यावर घरोघर आहेत. त्यांच्या आईबापांसाठी माझी पदरमोड करून मिळवलेली विद्या इथं देऊन टाकतो. एक : रेकॉर्डिंग एमकेव्ही स्वरूपात करा. साध्या एमपी-फोर फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, मध्येच वीज गेली की सगळी फाइल वाया. एमकेव्ही तेवढ्यापुरती तरी शिल्लक राहते. २०२०च्या ३ जूनला निसर्ग वादळ येऊन गेल्यावर आमच्या जिल्ह्यात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. विजेच्या भरवशावर आम्ही आता काहीच ठेवत नाही. दोन : आवळण्याआधी कापा. तासभरातला पाऊण तास पोरगं पाणी पीत असतं. कात्रीइतकं स्वस्त आणि दर्जाला धक्का न लावणारं यंत्र अजून निघालेलं नाही. आजीचा आवाज त्या पाऊण तासात नाही ना, एवढं मात्र आधी ऐका.

तीन : हॅण्डब्रेकमध्ये एच-२६४ घ्या. हे २००३चं तंत्र जुन्या टीव्हीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे चालतं. २०१३चं एच-२६५ आणि २०१८चं एव्ही-वन जास्त आवळतात, पण वेळ खातात आणि म्हाताऱ्या लॅपटॉपला धाप लागते. दर्जाचा आकडा १०८०च्या चित्राला २० ते २४मध्ये ठेवा. हा आकडा शाळेतल्या नंबरासारखा आहे, लहान तितका चांगला. आधी एका मिनिटाचं करून बघा, शितावरून भात. चार : यू-ट्यूबसाठी फार आवळू नका. तुम्ही काहीही पाठवा, ते स्वतः पुन्हा आवळतातच. वाळवलेला बोंबील त्यांच्याकडे परत वाळतो. आणि पोरांच्या डिस्कॉर्ड नावाच्या कट्ट्यावर टाकायचं असेल, तर तिथं २०२४ साली फुकट्यांची मर्यादा २५ वरून १० एमबीवर आणली. दहा एमबी म्हणजे ऐंशी मेगाबिट. तीस सेकंदांनी भागा. सेकंदाला अडीच मेगाबिटच्या थोडं वर येतं, आवाजाचं त्यातच. एवढा भागाकार चौथीच्या मुलाला येतो. त्याला महिन्याचे पन्नास नारळ लागत नाहीत. आणि पाच : लहान फाइल सगळ्या पट्ट्यांनिशी ऐकून झाल्याशिवाय मोठी पुसू नका. हे पाचवं खरं म्हणजे पहिलं आहे.

आमच्या सात फायली गेल्या त्या गेल्या. त्यांत आई काय काय बोलली होती हे आता मन्याला थोडंफार आठवतं, ते तो अधूनमधून सांगतो. भाडं आम्ही बंद केलं. ते बंद करायला सात पानं उलटावी लागली, आणि प्रत्येक पानावर ‘खरंच सोडून जाताय?’ असं विचारून रडका चेहरा काढलेला होता. आई गेली तेव्हा शेजाऱ्यांनीसुद्धा इतक्यांदा विचारपूस केली नव्हती.

बहिणीला फाइल पोचली. रात्री तिचा फोन आला. ती काही बोलेना. पलीकडून नुसता रेकॉर्डिंगचा आवाज येत होता. तिने ते मोठ्याने लावलं होतं. आई मन्याला सांगत होती, “दगडात चुना नको भरू रे, फट राहू दे. लाट आत शिरली की जोर मरतो तिचा.” कुलाब्याचा तट खरंच तसा, चुन्याशिवाय रचलेला आहे. मन्या ‘हो आजी’ म्हणाला आणि मग त्याने महादरवाजा बसवला. समुद्राच्या बाजूला बसवला. क्षणभर शांतता. आणि मग आईचा तो खणखणीत आवाज :

“अरे शहाण्या, दरवाजा अलिबागकडे तोंड करून असतो! एवढंही ठाऊक नाही? मुंबईहून आलायस का?”